पाणी काठीला लागलं

वडखळ नाक्यावर उभं राहिलं की पुढे गोव्याचा रस्ता, उजवीकडे अलिबागचा आणि पाठीमागे पेणवरून मुंबईचा. या नाक्यावर मी एकतीस वर्षं बातम्या गोळा केल्या. अलिबागहून निघणाऱ्या एका दैनिकाचा मी या भागाचा वार्ताहर होतो. ते काम सुटून आता बरीच वर्षं झाली, पण त्या कामातला एक शब्द अजून सुटलेला नाही. गेल्या पावसाळ्यात पुतणी घरी आली होती. ती अनुवादाची कामं करते. लॅपटॉपवरून मान वर न करता तिने विचारलं, "काका, डेडलाइनला मराठीत काय म्हणायचं?" मी म्हटलं, "अंतिम मुदत." ती म्हणाली, "ते फॉर्मवर. बोलताना आपण काय म्हणतो?"

मला सांगता येईना. ज्याने तीस वर्षं त्या शब्दावर पोट भरलं, त्याला सांगता येईना. ती गेल्यावर मी तो शब्द शोधायला बसलो आणि त्याच्यामागून माझंच बरंच काही वर आलं. जसं आठवलं तसं लिहून ठेवतो आहे.

१.

रोज तोंडात असलेल्या शब्दाला आपण कधी उलटून पाहत नाही. मला वाटायचं, डेडलाइन म्हणजे ज्या वेळेनंतर काम 'मेलं' ती वेळ. वर्तमानपत्रवाल्यांनीच कधीतरी बोलता बोलता तो शब्द घडवला असेल, असा माझा समज. प्रत्यक्षात तो शब्द लष्करी तुरुंगातला निघाला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, १८६४ च्या फेब्रुवारीत, दक्षिणेकडच्या सैन्याने जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांसाठी एक मोठं कुंपण उभारलं. आत बराकी नाहीत, छप्पर नाही. उंच लाकडी भिंत आणि आत उघड्यावर माणसं. भिंतीपासून साधारण १९ फूट आत, चारी बाजूंनी, खुंटांवर नुसत्या पट्ट्या ठोकलेलं एक हलका कठडा होता. त्या कठड्याचं नाव डेड लाइन. कैद्याने तो ओलांडला, किंवा नुसता हात पलीकडे टाकला, तर वरच्या मचाणावरच्या पहारेकऱ्याने गोळी घालायची. आधी इशारा देण्याचं बंधन त्याच्यावर नव्हतं.

चौदा महिन्यांत त्या कुंपणात सुमारे ४५,००० माणसं आली आणि त्यांतली जवळजवळ १३,००० मेली. बहुतेक जण गोळीने गेले नाहीत. ते उपासमारीने, हगवणीने आणि घाणेरड्या पाण्याने गेले. त्या तुरुंगाचा अधिकारी कॅप्टन हेन्री वर्झ याला युद्ध संपल्यावर, १० नोव्हेंबर १८६५ रोजी, फाशी दिलं गेलं.

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. "आज डेडलाइन आहे रे, चहा नंतर" हे वाक्य मी किती हजार वेळा बोललो असेन.

२.

तुरुंगातली रेषा वर्तमानपत्रात कशी आली, याचा एक दुवा मला आधीपासून माहीत होता, पण तो या शब्दाचा दुवा आहे हे माहीत नव्हतं. मी कामाला लागलो तेव्हा लहान छापखान्यांतून खिळे जुळवणं चालू होतं. पेणला एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापली जात, तिथे मी बसायला जायचो. कंपोझिटर चौकटीत खिळे आवळायचे, ट्रेडलवर चढवायचे. एकदा मी माझ्या हाताने एक ओळ जुळवली आणि ती काठाच्या फार जवळ बसवली. कागद बाहेर आला तर शेवटची अक्षरं गायब. कंपोझिटर म्हणाले, "तिथपर्यंत कागद पोचत नाही. तिथे तू काहीही लाव, ते कुणाला दिसणार नाही." मोठ्या यंत्रांवरही अशी खूण असायची. तिच्या बाहेर गेलेला मजकूर छापला जात नसे, आणि इंग्रजी छापखान्यांत त्या खुणेलाही डेड लाइनच म्हणत. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी जागेची ती मर्यादा वेळेला लावली.

जमिनीवरची रेषा यंत्रावर आली आणि तिथून घड्याळात गेली. आता ती हातातल्या फोनमध्ये आहे.

३.

माझी डेडलाइन म्हणजे संध्याकाळची अलिबाग एसटी. बातम्या लिहायच्या, पाकिटात घालायच्या, वर दैनिकाचा पत्ता टाकायचा आणि नाक्यावर गाडी थांबली की कंडक्टरच्या हातात द्यायच्या. तिकडे स्टँडवर कार्यालयातला मुलगा उभा असायचा. गाडी चुकली की बातमी शिळी. नंतर फॅक्स आला, मग ईमेल आला, पण माझ्या अंगात ती एसटीच राहिली. आजही संध्याकाळी सहाच्या सुमाराला जीव थोडा कासावीस होतो.

त्या घाईतली एक गोष्ट आजवर मी कुठे लिहिलेली नाही. एका संध्याकाळी महामार्गावर ट्रक आणि जीपची धडक झाली. मी घटनास्थळी गेलो, नावं घेतली. जखमींना पुढे हलवलं होतं. एकाची अवस्था फार वाईट होती. मी नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून दवाखान्यात फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "त्याचं काही खरं नाही हो." समोर गाडी लागलेली, कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून माझ्याकडे बघत होता. मी मृतांच्या यादीत ते नाव लिहिलं आणि पाकीट बंद केलं.

तो माणूस जिवंत होता. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला त्याचा भाऊ माझ्या घरी आला. हातात घडी घातलेला पेपर. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो ओट्यावर बसला, पाणी घेतलं आणि म्हणाला, "आईला शेजारच्या पोराने वाचून दाखवलं. ती सकाळपासून बोलत नाही. आम्ही सांगतो की तो आहे, पण तिला ते खरं वाटत नाही. तुम्ही चला, तुम्ही सांगा."

मी गेलो. त्या माऊलीसमोर बसून सांगितलं की मी चूक लिहिलं, तुमचा मुलगा आहे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिने एकच विचारलं, "मग लिवलास कशाला?" तिला मी काय सांगणार होतो? एसटी सुटत होती म्हणून?

तिचा मुलगा बरा झाला. मधल्या काळात चार-सहा वेळा नाक्यावर दिसला, हात वर करायचा. मी मात्र त्या दिवसापासून फोनवरच्या शब्दावर कुणालाही मारलं नाही. एक-दोनदा बातमी उशिरा गेली, बोलणी खाल्ली. पण हे शहाणपण मला दुसऱ्याच्या आईच्या खर्चाने आलं, आणि ते अजून टोचतं.

४.

रेषा ओढणारा एक असतो आणि रेषेपाशी उभा राहणारा दुसरा. अँडरसनव्हिलच्या वर्णनात एक तपशील आहे, तो मला काही केल्या विसरता येत नाही. त्या कुंपणातून एक ओढा वाहत होता. हजारो माणसं त्याच ओढ्यात आंघोळ करत, तिथेच घाण जाई आणि तेच पाणी पीत. त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी मिळे ते ओढा भिंतीखालून आत शिरतो तिथे, म्हणजे अगदी डेड लाइनच्या काठावर. तहानलेला कैदी कठड्याखालून भांडं थोडं पुढे सरकवी, आणि वरून गोळी येई.

हे वाचताना मला आमचा खारेपाट दिसला. कुठल्याही अर्थाने त्या तुरुंगाशी तुलना करायची नाही, पण पाण्यापाशी मन आपोआप घरी येतं. वडखळच्या आजूबाजूच्या गावांना चारी बाजूंनी पाणी आहे. धरमतरची खाडी आहे, तिचे फाटे आहेत, पावसात तर शेतंही तळी होतात. आणि मार्च उजाडला की प्यायला घोटभर नाही, कारण विहिरीला खारट लागतं. हंडा घेऊन बायका तासन् तास बसलेल्या मी पाहिल्यात. रात्री दोनला पाणी येणार म्हणून जागलेल्या पाहिल्यात. वर डोंगराच्या कुशीत हेटवण्याचं धरण आमच्याच तालुक्यात आहे, त्याचं पाणी नळाने नवी मुंबईपर्यंत पोचलं. खारेपाटाच्या पाणीयोजनांच्या मात्र मी एवढ्या तारखा छापल्या की शेवटी मला स्वतःला लाज वाटू लागली. 'मे अखेर पाणी', 'येत्या दिवाळीपर्यंत पाणी'. तारीख सांगणारा साहेब बदलून जायचा. हंडा तोच असायचा, फार तर सासूच्या डोक्यावरून सुनेच्या डोक्यावर आलेला.

एकदा एका म्हातारीला मी विचारलं होतं, आजी, योजनेची मुदत संपली, आता काय? ती म्हणाली, "मुदत त्यांची संपली. माजी तहान कुटं संपलीया?"

५.

'मुदत' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि दफ्तरात मुरला. त्याला धार नाही. मुदतीच्या पोटातच मुदतवाढ असते, मुदत दिली की वाढ मागायची रीतच आहे. शेतकऱ्याच्या कर्जाला, भाडेकराराला ती माया लागतेही. पण हीच माया मोठ्या कंत्राटाला लागली की काय होतं, ते पाहायला आमच्या नाक्यासारखी जागा नाही.

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग १७ होता. मग त्याचा नंबर बदलून ६६ झाला. नंबर वेळेवर बदलला. रस्त्यापायी किती वर्षं गेली, ते या रस्त्याने गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाच्या कंबरेला माहीत आहे. उच्च न्यायालयात याचिका झाल्या, तिथेही तारखा सांगितल्या गेल्या आणि त्या उलटल्या. दर वर्षी आषाढ लागला की मंत्र्यांचा पाहणी दौरा असायचा, आणि 'गणपतीपूर्वी खड्डे बुजवणार' ही बातमी मी इतक्या वेळा लिहिली की तिचा मथळा बदलावा लागत नसे.

आता नाक्याला वळसा घालून बायपास झाला आहे. पूर्वी इथे तासन् तास वाहनं अडकायची, त्या गर्दीवर पांढऱ्या कांद्याच्या माळी विकणाऱ्या बायकांचं पोट होतं, तेही कमी झालं. मला रस्ता हवाच होता. या रस्त्यावरची प्रेतं मी मोजली आहेत, मला हौस नाही. पण एक मनात येतं. जिथे तारीख चुकवणाऱ्याला काहीच गमवावं लागत नाही, तिथे डेडलाइन हा शब्द वापरूच नये. तिथे मुदत म्हणावं. आणि त्या मुदतीत जे मेले, त्यांची यादी कुणीतरी वेगळी ठेवावी.

६.

इंग्रजी शब्दावर रक्त आहे म्हणून दचकलो खरा, पण आपले तरी शब्द कुठे धुतलेले आहेत? मोर्चा म्हणजे पूर्वी तोफा लावून बसायची जागा. वेढा घालताना मोर्चे बांधायचे, मोर्चे पुढे सरकवायचे. आज आपण तहसील कचेरीवर मोर्चा नेतो. आघाडी आणि पिछाडी ही फौजेची तोंडं होती, बिनीचा म्हणजे सर्वांत पुढच्या तुकडीतला. मोहीम आता पल्स पोलिओची असते. घरातल्या पोरांना आपण पलटण म्हणतो, आणि ती पलटणही इंग्रजांच्या प्लाटूनची. शब्द लढाईतून जिवंत परत आले आणि संसाराला लागले.

मोर्चावरून आठवलं, आमच्या भागातली एक मुदत अशी होती की तिने शेतकऱ्याला वाचवलं. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतल्या जमिनी घ्यायचं ठरलं, तेव्हा शेतकऱ्यांचे नेते प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी माणसं इथे तळ ठोकून राहिली. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या, हेटवणे लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. जमीन द्यायची की नाही, याचं मत. सरकारी यंत्रणेने असं विचारणं हीच नवलाची गोष्ट होती. आणि १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात एक कलम होतं, की घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा झाला नाही तर सगळी कारवाई आपोआप रद्द. शेतकऱ्यांनी ती दोन वर्षं मोजून काढली. २००९ साली मुदत संपली, संपादन व्यपगत झालं.

'व्यपगत' हा शब्द मी तोवर फक्त सरकारी कागदात वाचला होता. त्या आठवड्यात तो मी चहाच्या टपरीवर ऐकला, लुंगी गुंडाळलेल्या माणसाच्या तोंडून, अगदी स्वच्छ उच्चारात. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, व्यपगत झाला. साखर जिभेवर घोळवावी तसा.

७.

काही तारखा कुणीच ओढलेल्या नसतात, आणि त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. माझ्या आईचं माहेर हमरापूरच्या बाजूचं. मामाचा गणपतीचा कारखाना. पेण शहराचं नाव सगळीकडे आहे, पण हमरापूर, जोहे, कळवे या गावांतही घराघरांत गणपती होतात. कच्च्या मूर्ती ट्रक भरभरून महाराष्ट्रात जातात, तिकडे रंगतात. परदेशी जायच्या मूर्ती तर बोटीने जायला वेळ लागतो म्हणून कितीतरी महिने आधीच बाहेर पडतात. म्हणजे एका कारखान्याला एकाच चतुर्थीच्या दोन-तीन डेडलाइन.

बरं, ही चतुर्थी दर वर्षी जागा बदलते. २०२३ ला अधिक श्रावण होता म्हणून १९ सप्टेंबर. २०२४ ला ७ सप्टेंबर. २०२५ ला थेट २७ ऑगस्ट. तीन आठवडे मिळतात आणि तीन आठवडे जातात. त्याच २०२५ मध्ये जानेवारीअखेर न्यायालयाने पीओपीच्या मूर्तींवरची बंदी काटेकोरपणे पाळायला सांगितलं, आणि जूनमध्ये मूर्ती घडवायला पुन्हा मोकळीक दिली. प्रदूषणाचा प्रश्न खराच आहे, आमच्या खाड्या आम्हाला प्यार आहेत. पण कारखान्यात जानेवारी ते जून म्हणजे वर्षाचा कणा. तेवढे महिने साचा हातात घेऊन काय करावं हे न कळणारी माणसं मी पाहिली, आणि चतुर्थी काही पुढे जाणार नव्हती.

लहानपणी श्रावणात मी मामाकडे राहायला जायचो. बाहेर पाऊस, आत रंगाचा वास. शाडूची मूर्ती पावसाळी हवेत सुकत नाही, म्हणून बल्ब लावून ठेवलेले. घरातलं एकही माणूस रात्री पाठ टेकत नसे. कुणी पॉलिश पेपर फिरवतोय, कुणी पितांबर रंगवतोय, मामी सोंडेवरच्या दागिन्यांना सोनेरी लावतेय. आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. ती फक्त मामा करायचा.

त्याचं आखणीला बसणं मला अजून दिसतं. आधी हात धुवायचा, पंच्याला पुसायचा. ब्रशचे केस ओठांनी टोकदार करायचा. मूर्तीच्या डोळ्याच्या पातळीला स्वतःचे डोळे आणायचा, त्यासाठी कधी पाटावर बसायचा, कधी उकिडवा. मग डावा हात कोपरावर टेकवून त्यावर उजवं मनगट ठेवायचा. श्वास थांबवायचा. एक रेघ, वरच्या पापणीची. ब्रश उचलायचा, सोडायचा श्वास. दारात गिऱ्हाईक पाट घेऊन उभं, बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारतोय, मामी म्हणतेय "अहो, चाळीस राहिलेत अजून", आणि मामाची ती रेघ मात्र तेवढ्याच वेळात ओढली जायची जेवढ्यात ती चैत्रात ओढली गेली असती.

मी एकदा विचारलं, मामा, घाई नाही होत? त्याने मूर्तीवरची नजर काढली नाही. "घाई हातापायांची," म्हणाला, "डोळ्याला घाई केली तर देव बघत नाही." तेव्हा मला वाटलं तो श्रद्धेचं काहीतरी बोलतोय. बऱ्याच वर्षांनी कळलं की तो कारागिरीचं बोलत होता. बुबुळ गव्हाएवढं जरी सरकलं तरी मूर्तीची नजर समोरच्या माणसावर बसत नाही, ती कुठेतरी भिंतीकडे जाते. अपघाताच्या त्या बातमीच्या दिवशी मला मामा आठवायला हवा होता.

८.

आता लग्नाच्या अल्बमलाही डेडलाइन असते, शाळेच्या प्रोजेक्टलाही. डोलवीच्या कारखान्यात काम करणारी शेजारची पोरं शटडाउनच्या डेडलाइनबद्दल बोलतात तेव्हा त्यांचे डोळे तारवटलेले असतात. या शब्दाला मराठी प्रतिशब्द हवाच असा माझा हट्ट आता राहिलेला नाही. तो आला आहे तर राहू दे. फक्त तो उच्चारताना समोरच्याला आपण नक्की कुठे उभं करतो आहोत, एवढं मनाशी असावं असं वाटतं.

९.

पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर मला शेवटी शब्दकोशात सापडलं नाही. ते बांधावर सापडलं.

आमची थोडी खारजमीन होती. खारेपाटातली शेती म्हणजे समुद्राशी रोजचा करार. मधे एक मातीचा बांध, त्याला पावसाचं पाणी सोडायला उघाडी, आणि बांधापलीकडे खाडी. बांध राखायची जबाबदारी पूर्वी शिलोत्रीची, म्हणजे कसणाऱ्यांनी मिळून सांभाळायची. मग १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला, १९७९ ला महाराष्ट्राचा कायदा आला, आणि बांध हळूहळू सरकारचे झाले. तरी बांध फुटून खांड पडली की खात्याची वाट बघायला सवड नसते. भरतीचं पाणी एकदा शेतात शिरलं की ते वर्ष गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही भात धड येत नाही.

मी नववीत असताना श्रावणात खांड पडली. लावणी होऊन गेलेली, शेत हिरवंगार. बांधाचा दहा-बारा हातांचा तुकडा रात्रीत वाहून गेला. बाबांनी पहिल्यांदा तिथी बघितली. आमच्या किनाऱ्यावर भरतीचं गणित सोपं आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. खाडीत आत यायला पाण्याला थोडा उशीर होतो, तेवढा धरायचा. म्हणजे भर दुपारी ओहोटी. शिवाय अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. आणि तिथून सात दिवसांनी नारळी पुनव, तिचं उधाण. खांड बंद करायची ती या सात दिवसांत, आणि या सात दिवसांत रोज फक्त ओहोटीचे चार-पाच तास. रोज ती वेळ पाऊण तासाने पुढे सरकणार.

ही वेळ कुणी साहेबाने दिलेली नव्हती. तिच्यात वाढ नव्हती.

सगळी आळी उतरली. बांबू ठोकले, मधे पेंढा भरला आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे. बायका, म्हातारे, शाळा बुडवलेली पोरं, सगळे रांगेत. माणसं कंबरभर चिखलात उतरलेली, पाठ खाडीकडे. पाणी परतायला लागलं की ते मागून येतं, आवाज करत नाही, आणि चिखलात रुतलेला माणूस झटकन निघू शकत नाही. म्हणून बाबांनी काय केलं, तर एक काठी घेतली आणि खाडीच्या बाजूला, कामाच्या जागेपासून वीस-पंचवीस पावलांवर, उतारावर रोवली. मला तिथे बसवलं. म्हणाले, "तू काय करू नको. काठीकडं बघत बस. पाणी काठीला लागलं की वरड."

सात दिवस मी ते काम केलं. जगात दुसरं काही पाहिलं नाही. पाणी आधी लांब असायचं, चिखलावर खेकडे फिरायचे. मग चिखल चकाकायला लागायचा. मग एक पातळ जीभ यायची, परत जायची, पुन्हा यायची. काठीच्या बुडाला पहिला ओलावा लागला की मी बेंबीच्या देठापासून ओरडायचो, "पाणी काठीला!" आणि रांगेतली माणसं हातातला गोळा टाकून एकमेकांना ओढत वर यायची. आधी पोरं, मग बायका, मग बापये.

पुनवेच्या आदल्या दिवशी खांड बुजली. त्या दिवशी मी शेवटचा ओरडलो तेव्हा बाबा अजून खालीच होते, दोन्ही हातांनी चिखल चोपत. मी पुन्हा ओरडलो. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. हात वर केला, ऐकलं म्हणून, आणि शेवटचा गोळा बसवून वर आले. येताना माझ्याजवळची काठी उपटली, धुतली आणि खांद्यावर टाकली.

पुतणीला मी फोन करून हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, पण त्या अनुवादात मी काय लिहू?"

मी म्हटलं, डेडलाइनच लिही.